प्रस्तावना : चूक वापरणाऱ्याची नव्हे

परळी वैजनाथला तहसील कार्यालयाच्या आसपास आणि बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑनलाइन कामांची दुकाने आहेत. दारावरच्या फ्लेक्सवर कामांची यादी असते : सातबारा, आठ-अ, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शिष्यवृत्ती, लाडकी बहीण केवायसी, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट. सिरसाळा, धर्मापुरी, नागापूर अशा गावांतून आलेली माणसे सकाळपासून तिथे बसलेली दिसतात. त्यांतल्या बहुतेकांकडे स्मार्टफोन असतो. त्याच फोनवर ती पुण्यातल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, मोंढ्यात खताचे पैसे क्यूआर कोड स्कॅन करून देतात. दुकानदार जे संकेतस्थळ आपल्या संगणकावर उघडतो, ते त्यांच्या फोनवरही उघडते. तरीही ती गाडीभाडे खर्चून, दिवसाची मजुरी बुडवून इथे येतात आणि आधार कार्ड व फोन दोन्ही ऑपरेटरच्या हाती देतात.

असे का होते, याचे एक उत्तर सगळीकडे तयार असते : लोकांना ऑनलाइनचे कळत नाही. अधिकारी असे म्हणतात, शहरात शिकणारी मुले असे म्हणतात आणि दुःखाची गोष्ट अशी की ती माणसे स्वतःही असेच म्हणतात. अर्ज बाद झाला की बाई सहज बोलून जाते, "माझ्याच हातून काहीतरी चुकलं असंल." हे उत्तर मला मान्य नाही. जिला व्हिडिओ कॉल लावता येतो तिला अर्ज का भरता येऊ नये? व्हिडिओ कॉलचे बटण तिच्यासारख्या कोट्यवधी माणसांचा हात कुठे जातो, डोळा कुठे थांबतो, हे पाहून पाहून घडवले गेले आहे. अर्जाचे पान मात्र तिला समोर बसवून कोणी पाहिलेले नाही. फरक एवढाच आहे, आणि वापरसुलभता नावाचा विषय याच फरकाचा आहे. पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी वाचकाच्या मनातली "चूक वापरणाऱ्याची" ही समजूत काढून टाकणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

या विषयाचा जन्म संगणकाच्या पडद्यावर झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांचे अनुभवी वैमानिक विमान धावपट्टीवर सुखरूप उतरवल्यानंतर भलतीच कळ ओढून चाके आत घेत आणि विमान पोटावर बसे. अहवालात "वैमानिकाची चूक" अशी नोंद होई आणि प्रकरण मिटे. ॲल्फान्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांऐवजी कॉकपिटकडे पाहिले. चाकांची कळ आणि पंखांवरच्या फ्लॅपची कळ शेजारी शेजारी होत्या, दिसायला आणि हाताला सारख्याच. थकलेल्या माणसाचा हात चुकणार नाही तर काय? त्याने चाकांच्या कळीला छोट्या रबरी चाकाची मूठ बसवली आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीच्या आकाराची. अंधारातही बोटांना फरक कळू लागला. वैमानिक तेच राहिले, त्यांचे प्रशिक्षणही तेच, पण ती चूक थांबली.

परळीच्या वाचकाला यापुढची गोष्ट सांगायला फार प्रयास पडू नयेत. इथे १९७१ पासून औष्णिक विद्युत केंद्र आहे, आजचे संच अडीचशे-अडीचशे मेगावॉटचे आहेत, आणि कंट्रोल रूममध्ये पाळी केलेली माणसे या गावाच्या गल्लीगल्लीत आहेत. पॅनलवरच्या दिव्याने खरे सांगितले पाहिजे, हे त्यांना पाठ असते. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात नेमके हेच बिघडले. एक झडप उघडीच अडकली आणि तिथून अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी निघून जात राहिले. पॅनलवरचा दिवा मात्र विझला, म्हणून झडप बंद झाली असे पाळीवरच्या लोकांनी धरले. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडप बंद करण्याचा आदेश गेला की नाही, एवढेच तो दाखवत होता. अपघातानंतर ती कंट्रोल रूम तपासायला ज्यांना बोलावले, त्यांत डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. माणसे अडखळतात तेव्हा वस्तूची रचना तपासा, हा विचार त्यांनी पुढे १९८८ च्या आपल्या पुस्तकातून जगभर नेला. १९९३ मध्ये ते ॲपल कंपनीत गेले, आणि वापरणाऱ्याच्या अनुभवाचा विचार हे संगणक उद्योगात एक स्वतंत्र काम ठरत गेले.

आता त्या दिव्याच्या शेजारी आपला अर्ज ठेवून पाहा. "अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे" असे हिरव्या अक्षरांत येते. बाई निश्चिंत होऊन गावी जाते. तो संदेश फक्त इतकेच सांगतो की अर्ज इथून निघाला. तो कोणाच्या टेबलावर आहे, मंजूर झाला का, थांबला असेल तर कशामुळे, यातले काहीही त्या हिरव्या ओळीत नसते. शासनाचे थेट लाभाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. अर्जाला ज्या पासबुकाची झेरॉक्स जोडली त्याच खात्यात ते जातील असे नाही. म्हणून पैसे एका बँकेत येऊन पडलेले असतात आणि बाई दुसऱ्या बँकेच्या रांगेत उभी असते. "तुमचे पैसे अमुक बँकेच्या, शेवटचे आकडे अमुक असलेल्या खात्यात जमा होतील" असे एक वाक्य अर्ज भरतानाच दाखवले असते, तर कितीतरी खेपा वाचल्या असत्या. यंत्रणेत काय चालले आहे ते वापरणाऱ्याला सतत आणि खरे दिसले पाहिजे. याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये वापरसुलभतेची जी दहा सूत्रे मांडली, त्यांतले हे पहिले.

व्याख्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९२४१ चा अकरावा भाग, तीन गोष्टी विचारतो : काम पुरे झाले का, किती श्रमात झाले, आणि करणाऱ्याला समाधान वाटले का. हेही तो विचारतो की कोणी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या परिस्थितीत. आपल्याकडे नेमका हा शेवटचा भाग गळतो. मंत्रालयातल्या थंड खोलीत, मोठ्या पडद्यावर, जलद इंटरनेटवर उत्तम चालणारे संकेतस्थळ कन्हेरवाडीच्या शेतात, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर, उन्हात, एका काडीच्या रेंजवर वापरसुलभ असेलच असे नाही.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी हे याचे आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. मी त्यावर जरा थांबणार आहे, कारण या पुस्तकातली निम्मी तत्त्वे त्या एका अर्जात शिकता येतात. योजना २०२४ ची, महिना दीड हजार रुपयांची. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थी महिलांना ई-केवायसी करायला सांगण्यात आले. बाईचा आधार क्रमांक, तिच्या मोबाइलवर ओटीपी. त्यानंतर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर ओटीपी. जिचा नवरा गेला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने इथे काय करायचे? घटस्फोटितेने काय करायचे? अर्जात तिला जागाच नव्हती. ही सोय नंतर करावी लागली, मृत्यूच्या दाखल्यासारखी कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट काढावी लागली, आणि मराठवाड्यातला महापूर ध्यानात घेऊन नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. बीड जिल्ह्यात एकट्या बाईचे घर ही दुर्मीळ गोष्ट नाही. शेतकरी आत्महत्यांनी आणि ऊसतोडीने इथल्या कुटुंबांचे काय केले आहे, ते जिल्ह्यातल्या कोणत्याही अंगणवाडी सेविकेला ठाऊक आहे. अर्ज आखणाऱ्यांनी तिला आधी विचारले असते, तर तिने पहिल्याच बैठकीत सांगितले असते की या रकान्यात आमच्या गावच्या अमुक इतक्या बाया अडकतील.

पुढची अडचण हंगामाची. दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातली ऊसतोडीची जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात जातात, ती मार्च-एप्रिलकडे परततात. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये, फोन फडात, फोनला चार्जिंग नाही, आणि ओटीपीची वेळ काही मिनिटांची. म्हातारी सासू गावी, सून कारखान्यावर, नंबर बंद पडलेल्या जुन्या सिमचा. ज्याला "वापरणारा" म्हणतात तो इथे एक माणूस नसतोच. एक अर्ज पुरा करायला तीन ठिकाणची तीन माणसे एकाच वेळी फोनवर हजर लागतात. संकेतस्थळाचे चित्र काढणाऱ्याच्या मनात मात्र एक माणूस, एक फोन आणि एक निवांत दुपार असते.

आणि मग त्याच ई-केवायसीतले एक विधान. कुटुंबातील कोणी शासकीय सेवेत कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाही, अशा अर्थाचे लांबलचक नकारार्थी वाक्य, आणि खाली होय किंवा नाही. घरात सरकारी नोकर नसलेल्या बाईने काय दाबावे? आपल्या रोजच्या बोलण्यात "घरात कोणी नोकरीला नाही ना?" असे विचारले की उत्तर "नाही" असेच येते, आणि त्याचा अर्थ "कोणी नाही" असा असतो. पडद्यावर तेच उत्तर उलटे नोंदले जाते. योग्य पर्याय "होय" आहे, हे सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर आले आणि लोकांनी ते पाहून बटण दाबले. चुकीचे बटण दाबलेल्या बायकांच्या घरी पडताळणीला पुन्हा माणूस पाठवायची वेळ आली. ज्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला व्हिडिओ पाहावा लागतो, तो प्रश्न रद्द करून नव्याने लिहिला पाहिजे. "तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?" एवढे विचारले असते तर कोणाचाही गोंधळ झाला नसता.

अशा चुका मोठमोठ्या देशांत आणि चांगल्या हेतूनेही होतात. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच काउंटीत मतपत्रिका दोन पानांवर पसरली होती. वयस्क मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली, म्हणून नावे दोन बाजूंना गेली आणि भोके पाडायची ओळ मधोमध आली. डावीकडे दुसऱ्या क्रमांकावर नाव असलेल्या उमेदवाराचे भोक ओळीत तिसरे होते. हजारो लोकांनी दुसरे भोक पाडले आणि त्यांचे मत भलत्याच उमेदवाराला गेले. फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि त्यावर अध्यक्ष ठरला. मतपत्रिका आखणाऱ्या अधिकाऱ्यांना वृद्धांची काळजी होती, यात शंका नाही. पण छापण्याआधी त्या वृद्धांच्या हाती ती देऊन पाहिली नव्हती. काळजी असणे आणि तपासून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी सरकारी कामात मनापासून राबणाऱ्या माझ्या मित्रांना नेहमी सांगतो.

नावांचा प्रश्न असाच जुना आहे. सातबाऱ्यावर मराठीत नाव, आधारवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही, बँकेत फक्त इंग्रजी. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. लग्नाआधीचे नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नानंतरचे रेशन कार्डावर. "बाई", "राव", "आप्पा" कुठे जोडलेले, कुठे गळालेले. इंग्रजीत "ळ" लिहायला अक्षर नाही, म्हणून परळीचे स्पेलिंगसुद्धा दोन-तीन तऱ्हांनी होते. हे सगळे प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. तरी संगणक एका अक्षराच्या फरकावर "नाव जुळत नाही" म्हणतो आणि पुढे काय करायचे ते सांगत नाही. कोणते नाव कशाशी जुळले नाही, ते दोन्ही शेजारी शेजारी दाखवा. दुरुस्ती कुठे होते ते तिथेच लिहा. अडलेल्या माणसाला बाहेर पडायचा रस्ता दाखवणे हे चांगल्या संकेतस्थळाचे पहिले कर्तव्य आहे.

जिथे चांगले झाले तेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर सातबारा शोधायला आधी महसूल विभाग निवडावा लागे, आणि परळीच्या शेतकऱ्याला आपण छत्रपती संभाजीनगर विभागात येतो हे आठवावे लागे. जिल्हा विचारला असता तरी विभाग संगणकाला आपोआप कळू शकला असता. पण पुढे गट नंबर ठाऊक नसेल तर नावावरून किंवा आडनावावरूनही शोधता येते. माणसाच्या डोक्यात जे असते त्यावरून शोधू देणे, हीच वापरणाऱ्याची बाजू घेणे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि सहीसाठी तलाठ्याला गाठण्याची खेप वाचली. ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाले. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा आणि नोंद करायची. पहिल्या हंगामात लोक वैतागले. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत, नोंद चुकली तर ४८ तासांत ती स्वतः एकदा दुरुस्त करण्याची मुभा आली. मला ही छोटी सुधारणा फार मोलाची वाटते. कापसाऐवजी सोयाबीन दाबले गेले म्हणून वर्षाचा पीकविमा अडू नये. माणूस चुकणारच, असे धरून ज्याने दुरुस्तीचे बटण ठेवले त्याला हा विषय समजला आहे.

डोळ्यांना आणि बोटांना काय लागते, यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एवढेच की देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींत मराठी बसवली की ओळी एकमेकींना चिकटतात, आणि दोन अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. वेबसाठीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे २०२३ च्या आवृत्तीत बटणाला किमान २४ बाय २४ पिक्सेल जागा मागतात. कापूस वेचून चिरलेल्या बोटांसाठी तीही अपुरी वाटते. फिकट पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे उन्हात दिसत नाहीत. वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांचा कॅप्चा साठीच्या माणसाला दहा वेळा नापास करतो आणि दृष्टिहीनाला दारच बंद करतो. फोटो अमुक केबीच्या आतच हवा, ही अटही माणसावर का? फोटो लहान करणे हे यंत्राचे काम आहे आणि ते क्षणात होते. परळीत त्यासाठी लोक दुकानात पैसे मोजतात.

हा सौजन्याचा नाही, हक्काचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली पाहिजे असे तो सांगतो. शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ई-केवायसीचाच होता. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असे यंत्र सांगत होते, आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्यांना ते शक्य नव्हते. चापानिसच्या कॉकपिटपासून इथपर्यंत प्रश्न एकच आहे.

आता ऑपरेटरविषयी, कारण त्यांच्यावर पुष्कळ टीका होते. जास्तीचे पैसे घेणारे काही असतील. पण कोणता रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो, कोणत्या वेळी सर्व्हर बरा चालतो, कोणत्या प्रश्नावर माणसे हमखास थबकतात, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. दुसऱ्या देशात अशा ज्ञानासाठी संस्था पगार देऊन माणसे नेमतात. ब्रिटनने २०१२ मध्ये सगळ्या खात्यांचे एकच संकेतस्थळ उघडले, तेव्हा पहिले तत्त्व लिहिले ते लोकांच्या गरजेपासून सुरुवात करण्याचे, आणि त्यासाठी माणसे नेमली. आपल्याकडे ते ज्ञान तालुक्यातालुक्यात तयार बसले आहे आणि त्यांना विचारायला कोणी येत नाही.

नील्सन यांनी दाखवून दिले की पाच माणसांना काम करताना नीट पाहिले तरी संकेतस्थळातल्या बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. हा हिशोब एका तऱ्हेच्या वापरणाऱ्यांना लागू पडतो, हे विसरू नये. परळीत पाच कॉलेजची मुले बसवून भागणार नाही. ऊसतोडीची बाई, साठी उलटलेला शेतकरी, अंगणवाडी सेविका, दृष्टिहीन तरुण, शिष्यवृत्तीचा विद्यार्थी, प्रत्येक गटातली चार-पाच माणसे हवीत. तरी खर्च किती? दोन दिवस, एक खोली, चहा-नाश्ता आणि त्यांची बुडालेली मजुरी. एका फसलेल्या अर्जापायी पुन्हा घरोघर पडताळणी करण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला, डिझाइनरला आणि ज्या अधिकाऱ्याच्या सहीने संकेतस्थळ सुरू होते त्यालाही माझी विनंती आहे. उद्घाटनाची तारीख जाहीर करण्याआधी अर्ज घेऊन एखाद्या तालुक्याच्या गावी या. परळीला या, रेल्वे इथपर्यंत येते. माणसांना त्यांच्याच फोनवर तो भरायला द्या. त्यांना शिकवू नका, मध्ये बोलू नका, बोट दाखवू नका. ती कुठे थांबली, काय वाचून गोंधळली, कुठे फोन शेजाऱ्याच्या हाती दिला, ते फक्त लिहून घ्या. आणि जोपर्यंत तिथली बहुतेक माणसे कोणाचीही मदत न घेता शेवटच्या पानापर्यंत पोहोचत नाहीत, तोपर्यंत ते संकेतस्थळ तयार झाले असे समजू नका.